टर्मिनलमधली प्लगिन्स : किती ठेवावीत, कशी सांभाळावीत?

लॅबमध्ये काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं लुकलुकायला लागली की वर्गाचे सरळ दोन गट पडतात. एका गटाच्या कपाळावर आठ्या चढतात आणि दुसऱ्या गटाच्या अंगात येतं! या दुसऱ्या गटातली मंडळी थोड्याच दिवसांत आपलं टर्मिनल सजवायला घेतात. प्रॉम्प्टमध्ये रंगीत बाण येतात, गिटची कोणती ब्रँच चालू आहे ते दिसायला लागतं, दोन अक्षरं टाइप केली की पुढची अख्खी कमांड करड्या रंगात हजर. शेजारी बसलेला विचारतो, "हे कसं केलंस रे?" उत्तर ठरलेलं असतं, "प्लगिन टाकलंय." पण त्यावर कोणी विचारलं, "म्हणजे नक्की काय टाकलंस?" की गाडी अडते.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. सांगायचा मुद्दा एकच : प्लगिन म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला कोड, जो तुमचा शेल तुमच्याच नावाने चालवतो. एवढी गोष्ट पक्की समजली की प्लगिन्स किती ठेवायची, मॅनेजर घ्यायचा की नाही, बिघाड झाला तर शोधायचा कुठे, या सगळ्यांची उत्तरं सापडत जातात.

एक सूचना आधीच देतो. मराठी विभागाचा लेख असल्यामुळे कमांड आणि फाइलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरं टाइप करायची.

शेलची थोडी ओळख

शेल म्हणजे तुम्ही टाइप केलेली ओळ वाचून ती ऑपरेटिंग सिस्टिमकडून करून घेणारा प्रोग्रॅम. युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्प्सन यांनी १९७१ मध्ये लिहिला. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. आज आपण ज्या पद्धतीने शेल स्क्रिप्ट लिहितो, तिचं मूळ तिथे आहे. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये बॅश लिहिला. लॅबमधल्या उबुंटूवर टर्मिनल उघडलं की जो भेटतो, तो हाच.

१९९० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात शिकणाऱ्या पॉल फॉलस्टॅड या विद्यार्थ्याने आणखी एक शेल लिहिला. तिथले एक शिक्षक-सहायक झोंग शाओ यांचा लॉगिन आयडी होता 'झेडएसएच'. फॉलस्टॅडला ते नाव शेलसाठी छान वाटलं आणि त्याने तेच ठेवलं! हा झेडएसएच म्हणजे झी शेल. २०१९ मध्ये ॲपलने मॅकवर बॅशच्या जागी तो आणला, २०२० मध्ये काली लिनक्सनेही तेच केलं. प्लगिनचा बाजार सर्वांत मोठा याच शेलभोवती भरतो, म्हणून इथली उदाहरणं झी शेलची आहेत. बॅश किंवा फिश वापरणाऱ्यांनाही तत्त्वं तीच लागू पडतात.

प्लगिन म्हणजे एक फाइल, बस्स!

व्हायव्हाला हमखास येणारा एक प्रश्न आहे : स्क्रिप्ट 'चालवणं' आणि स्क्रिप्ट 'सोर्स करणं' यात फरक काय?

एक छोटा प्रयोग करा. एका फाइलमध्ये फक्त एक ओळ लिहा : 'सीडी /टीएमपी'. आता ही फाइल नेहमीसारखी स्क्रिप्ट म्हणून चालवा. संपल्यावर तुम्ही कुठे आहात ते 'पीडब्ल्यूडी' ने बघा. जिथे होतात तिथेच! कारण स्क्रिप्ट चालवायला शेलने एक नवी प्रोसेस जन्माला घातली, त्या प्रोसेसने आपला फोल्डर बदलला आणि ती संपली. तुमच्या शेलला त्याचा पत्ताही नाही. आता तीच फाइल 'सोर्स' कमांडने वाचायला लावा. या वेळी तुम्ही खरंच टीएमपी फोल्डरमध्ये पोचलेले असाल. कारण सोर्स केलं की नवी प्रोसेस नसते. तुमचाच शेल ती फाइल ओळीओळीने वाचतो, जणू तुम्हीच ती टाइप केली आहे.

प्लगिन ही अशी सोर्स केली जाणारी फाइल असते. झी शेल सुरू होताना तुमच्या होम फोल्डरमधली 'डॉट झेडएसएच-आरसी' ही फाइल वाचतो, आणि त्या फाइलमध्ये 'अमुक प्लगिनची फाइल सोर्स कर' अशी ओळ असते. एवढंच! प्लगिनच्या आत साधारण पाच प्रकारच्या गोष्टी सापडतात :

१. एलियास, म्हणजे लांब कमांडची छोटी नावं.
२. फंक्शन्स, म्हणजे चार-पाच कमांड एकत्र बांधून केलेली नवी कमांड.
३. कम्प्लिशन, म्हणजे टॅब दाबल्यावर कोणते पर्याय दाखवायचे त्याचे नियम.
४. हुक, म्हणजे 'प्रत्येक कमांडच्या आधी', 'प्रॉम्प्ट दाखवण्याआधी', 'फोल्डर बदलल्यावर' आपोआप चालणारं फंक्शन.
५. विजेट, म्हणजे तुम्ही ओळ टाइप करत असतानाच तिच्यावर काम करणारा कोड.

आता यातली गोम लक्षात घ्या. मोबाइलवर ॲप टाकलं तर ते 'कॅमेरा वापरू का?', 'कॉन्टॅक्ट बघू का?' असं विचारतं. शेलच्या प्लगिनला असलं काही विचारावं लागत नाही. भाडेकरू वेगळ्या खोलीत राहतो, हा मात्र थेट आपल्या स्वयंपाकघरात! तुम्हाला जी फाइल वाचता येते ती त्याला वाचता येते, तुम्हाला जी पुसता येते ती त्याला पुसता येते. तुमच्या एसएसएचच्या किल्ल्या, ब्लॅक बुक सबमिशनचा फोल्डर, गिटचे टोकन, सगळं त्याच्या हाताच्या अंतरावर असतं. बहुतेक प्लगिन्स प्रामाणिक असतात हे खरं. पण प्रामाणिक आहेत म्हणून नुकसान करत नाहीत. करू शकत नाहीत म्हणून नव्हे. हा फरक विसरू नका.

आधी हाताने करून बघा

मॅनेजर वगैरे नंतर. आधी दोन प्लगिन्स हाताने बसवू. पहिलं 'झेडएसएच-ऑटोसजेशन्स'. तुम्ही पूर्वी टाइप केलेल्या कमांडच्या इतिहासातून ते पुढची कमांड करड्या रंगात सुचवतं, आणि उजवा बाण दाबला की ती ओळ पूर्ण होते. ही कल्पना मूळची २००५ मध्ये आलेल्या फिश शेलची. दुसरं 'झेडएसएच-सिंटॅक्स-हायलाइटिंग'. कमांडचं स्पेलिंग चुकलं असेल तर एंटर मारायच्या आधीच ते लाल रंगात दाखवतं.

पायऱ्या तीनच आहेत. होम फोल्डरमध्ये 'प्लगिन्स' नावाचा फोल्डर करा. त्यात 'गिट क्लोन' कमांडने दोन्ही प्लगिन्स उतरवून घ्या. मग डॉट झेडएसएच-आरसी फाइलच्या शेवटी या दोन ओळी लिहा :

सोर्स ~/प्लगिन्स/झेडएसएच-ऑटोसजेशन्स/झेडएसएच-ऑटोसजेशन्स.झेडएसएच
सोर्स ~/प्लगिन्स/झेडएसएच-सिंटॅक्स-हायलाइटिंग/झेडएसएच-सिंटॅक्स-हायलाइटिंग.झेडएसएच

नवं टर्मिनल उघडा. झालं काम!

उबुंटू किंवा डेबियनवर याहून सोपी वाट आहे. ही दोन्ही प्लगिन्स 'एपीटी' मधून पॅकेज म्हणून मिळतात. विंडोजवर डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांनाही हे चालतं. फायदा असा, की सिस्टिमच्या इतर पॅकेजेसबरोबर तीही अपडेट होतात आणि तुमच्याकडे येण्याआधी ती डिस्ट्रिब्यूशनच्या हाताखालून गेलेली असतात. तोटा एवढाच, की आवृत्ती थोडी जुनी असू शकते. सबमिशनच्या दृष्टीने तो तोटा नगण्य आहे.

मग मॅनेजर काय करतो?

दोन प्लगिन्सना मॅनेजर लागत नाही. पण दहा झाली की तीच ती ओळ दहा वेळा लिहायचा, दहा फोल्डरमध्ये जाऊन अपडेट करायचा कंटाळा येतो. प्लगिन मॅनेजर तीन कामं करतो : आणणं, क्रमाने वाचणं आणि अपडेट करणं. त्याचं पोट उघडून बघितलं तर मूळ युक्ती अशी दिसते :

यादीतल्या प्रत्येक नावासाठी –
फोल्डर नसेल तर गिट क्लोन कर.
फोल्डर असेल तर त्यातली प्लगिनची फाइल शोध.
ती सोर्स कर.

या चार ओळी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही 'फॉर' लूप आणि 'इफ' वापरून लिहिता येतील. बाकीचं सगळं, म्हणजे वेग वाढवणं, गरज पडेल तेव्हाच लोड करणं, सुंदर संदेश दाखवणं, हे याच्यावरचं नक्षीकाम आहे.

या क्षेत्रातलं सर्वांत गाजलेलं नाव 'ओह माय झेडएसएच'. रॉबी रसेल यांनी ते २००९ मध्ये सुरू केलं. काटेकोर बोलायचं तर तो मॅनेजर नसून फ्रेमवर्क आहे. त्याच्या पोटातच ३०० हून अधिक प्लगिन्स आणि शिवाय थीम्सचा ढीग असतो. आपण फक्त यादीत नावं लिहायची. अँटिजेन, अँटिडोट, झिनिट, शेल्डन ही नुसत्या मॅनेजरची नावं. ते वेगवेगळ्या ठिकाणांहून प्लगिन्स गोळा करतात. विम एडिटरच्या प्लगिन मॅनेजरवरून अँटिजेनला कल्पना सुचली होती. बॅशसाठी बॅश-इट आणि ओह माय बॅश, फिशसाठी फिशर, अशी भावंडंही आहेत.

'यातला चांगला कोणता?' यावर वाद घालत बसू नका. यादी छोटी असेल तर कोणताही चालतो आणि यादी चाळीसची असेल तर कोणताही पुरत नाही.

क्रम महत्त्वाचा

विरार फास्टमधून बोरिवलीला उतरायचं असेल तर दाराशी कधी सरकायचं याचं गणित असतं, हे आपल्याकडच्या कोणालाही शिकवावं लागत नाही. योग्य माणूस चुकीच्या वेळी दारात उभा राहिला तर त्याचीही पंचाईत आणि बाकीच्यांचीही! प्लगिन्सचंही तसंच आहे. शेल फाइल वरून खाली वाचतो, त्यामुळे कोण आधी आणि कोण नंतर याने फरक पडतो. दोन नियम लक्षात ठेवा.

पहिला, कम्प्लिशनचा. टॅब दाबल्यावरचे नियम शोधायचे कुठे, याची फोल्डरांची यादी 'एफपाथ' या व्हेरिएबलमध्ये असते. 'कॉम्पइनिट' ही कमांड ती यादी वाचून सगळे नियम तयार करते. म्हणून एफपाथमध्ये जे काही घालायचं ते कॉम्पइनिटच्या आधी. नंतर घातलं तर एरर येत नाही, पण टॅबही काम करत नाही, आणि आपण तासभर प्लगिनला शिव्या घालत बसतो.

दुसरा, सिंटॅक्स-हायलाइटिंग सर्वांत शेवटी. आपली पाळी येईल तेव्हा समोर जी ओळ दिसेल तिला ते रंग देतं. त्याच्यानंतर दुसऱ्या प्लगिनने ओळीत बदल केला तर रंग जुन्या ओळीचा आणि अक्षरं नव्या ओळीची, असा घोळ होतो.

नावांची टक्कर

ओह माय झेडएसएचमधलं गिट प्लगिन घेतलं की शेकड्याने एलियास मिळतात. 'जीएसटी' म्हणजे गिट स्टेटस, 'जीएल' म्हणजे गिट पुल, 'जीपी' म्हणजे गिट पुश. छान! पण 'पारी/जीपी' नावाचं अंकशास्त्रासाठीचं एक प्रसिद्ध मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि ते सुरू करायची कमांडही 'जीपी'च आहे. शेल एलियास आधी बघतो आणि प्रोग्रॅम नंतर. म्हणजे गणित करायला गेलात आणि त्या वेळी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये असलात, तर तुमचे कच्चे कमिट थेट सर्व्हरवर! 'जीएम'चीही हीच कथा. तुम्हाला हवं असतं चित्रांवर काम करणारं ग्राफिक्स-मॅजिक आणि मिळतं गिट मर्ज.

उपाय सोपे आहेत. शंका आली की 'टाइप जीपी' असं विचारा. नाव एलियास आहे, फंक्शन आहे की खरा प्रोग्रॅम, हे शेल सांगतो. एलियास टाळून मूळ प्रोग्रॅम हवा असेल तर नावाआधी बॅकस्लॅश द्या. कायमचा नको असेल तर प्लगिन्स वाचून झाल्यावर 'अनएलियास जीपी' लिहा. आणि सर्वांत सरळ उपाय म्हणजे शेकडो एलियासपैकी तुम्ही खरोखर वापरता ते सहा-सात स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवा आणि प्लगिन काढून टाका. परीक्षेला दुसऱ्याच्या मशीनवर बसावं लागतं तेव्हा मूळ कमांड येणं किती मोलाचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

टर्मिनल हळू का उघडतं?

प्रत्येक प्लगिन टर्मिनल उघडताना थोडा वेळ खातं. एकेकट्याचा वेळ जाणवत नाही, बेरीज जाणवते. अंदाज बांधू नका, मोजा. 'टाइम झेडएसएच -आय -सी एक्झिट' ही कमांड शेल पूर्ण सुरू करून लगेच बंद करते आणि किती वेळ लागला ते सांगते. चार-पाच वेळा चालवा, कारण पहिल्या वेळी डिस्कवरून फाइल वाचायलाच जास्त वेळ जातो.

कोण वेळ खातंय हे शोधायला झी शेलमध्येच प्रोफाइलर आहे. डॉट झेडएसएच-आरसीच्या पहिल्या ओळीत 'झेडमॉडलोड झेडएसएच/झेडप्रॉफ' आणि शेवटच्या ओळीत 'झेडप्रॉफ' लिहा. नवं टर्मिनल उघडलं की कोणत्या फंक्शनला किती मिलिसेकंद लागले याचा तक्ता समोर येतो. नेहमीचे आरोपी दोन. एक म्हणजे नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं 'एनव्हीएम', जे प्रत्येक टर्मिनलला लोड होतं, मग तुम्ही त्या दिवशी नोड वापरा वा न वापरा. त्याला गरज पडेल तेव्हाच लोड करायला लावता येतं. दुसरा म्हणजे कॉम्पइनिट दोनदा चालणं : एकदा फ्रेमवर्क चालवतं आणि एकदा कुठूनतरी कॉपी केलेली आपली ओळ.

आपोआप होणाऱ्या अपडेटकडेही लक्ष द्या. ओह माय झेडएसएच काही बदललं नसेल तर दर १३ दिवसांनी अपडेट तपासतं. विरार ते चर्चगेट हा सुमारे ६० किलोमीटरचा प्रवास, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि सबमिशनची शेवटची रात्र उलटलेली, अशा वेळी नेमका 'अपडेट करू का?' हा प्रश्न समोर आला तर 'नाही' म्हणायला शिका. सेटिंगमध्ये 'रिमाइंडर' निवडलं तर ते फक्त आठवण करून देतं. अपडेट निवांत वेळी, घरी बसून करा.

विश्वास कोणावर आणि किती?

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. तीन घटना बघा.

पहिली घटना २०२१ च्या नोव्हेंबरमधली. ओह माय झेडएसएचमधल्या काही सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्या. त्यातली एक 'रँड-कोट' या निरुपद्रवी दिसणाऱ्या प्लगिनमध्ये होती. हे प्लगिन एका वेबसाइटवरून सुविचार आणून टर्मिनलवर दाखवतं. दाखवताना मात्र ते मजकूर अशा पद्धतीने छापत होतं, की त्यात विशिष्ट चिन्हं असतील तर शेल त्यांना मजकूर न मानता कमांड मानेल. म्हणजे त्या वेबसाइटवर कोणी खोडसाळ 'सुविचार' ठेवला असता तर तो तुमच्या मशीनवर चालला असता! काही थीम्समध्येही तसंच होतं, तिथे गिटच्या ब्रँचचं नाव हे दार होतं. त्रुटी लगेच दुरुस्त झाल्या. पण ज्यांनी प्लगिन टाकून वर्षानुवर्षं अपडेटच केलं नाही, त्यांच्याकडे त्या तशाच राहिल्या.

दुसरी घटना त्याच वर्षाच्या अखेरीची. झिनिट या लोकप्रिय मॅनेजरच्या मूळ लेखकाने आपल्या रिपॉझिटरीज अचानक काढून टाकल्या. नवं मशीन तयार करायला गेलेल्यांच्या हाती काहीच लागेना. सुदैवाने गिटमध्ये प्रत्येक क्लोन ही पूर्ण प्रतच असते. वापरणाऱ्यांनी आपापल्या मशीनवरच्या प्रती गोळा करून प्रकल्प 'झेडधर्मा-कंटिन्युअम' या नावाखाली पुन्हा उभा केला. इथे कोणी दुष्ट नव्हतं. एक माणूस थांबला, एवढंच. पण त्या एका माणसावर किती जणांचं टर्मिनल उभं होतं, ते त्या दिवशी कळलं.

तिसरी घटना प्लगिनची नाही, पण धडा तोच आहे. २०२४ च्या मार्चमध्ये 'एक्सझेड' या फाइल लहान करणाऱ्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. पेरणाऱ्याने सुमारे दोन वर्षं मदतनीस म्हणून काम करून विश्वास कमावला होता. तो सापडला कसा? अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. अर्धा सेकंद! वर 'मोजा' म्हटलं ते फक्त वेगासाठी नव्हे, हे यावरून लक्षात येईल.

या तिन्हींतून निघणारी पथ्यं अशी :

अपडेट करताना डोळे झाकून 'पुल' करू नका. आधी 'गिट फेच' करा, मग 'गिट डिफ' ने काय बदललं ते वाचा, मग मर्ज करा. छोट्या प्लगिनचा फरक वाचायला पाच मिनिटं लागतात. जे प्लगिन इतकं मोठं आहे की वाचवत नाही, ते खरंच हवं का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

ठीक चालणारी आवृत्ती तिच्या कमिट क्रमांकासकट नोंदवून ठेवा. 'परवा चालत होतं' या वाक्याला तेव्हाच अर्थ येतो.

इन्स्टॉल करायची ओळ बऱ्याचदा 'कर्ल' ने स्क्रिप्ट आणून पाइपमधून थेट शेलला देणारी असते. ती तशी न चालवता स्क्रिप्ट आधी फाइलमध्ये उतरवा, वाचा, मग चालवा.

ऑटोसजेशन्स इतिहासातून सुचवतं. म्हणजे कधीकाळी कमांडमध्येच पासवर्ड टाइप केला असेल तर प्रेझेंटेशनच्या वेळी प्रोजेक्टरवर सगळ्यांसमोर तो करड्या रंगात उमटू शकतो. 'हिस्ट-इग्नोर-स्पेस' हा पर्याय चालू केला की स्पेसने सुरू होणारी कमांड इतिहासात जात नाही.

लॅबमधल्या सामायिक मशीनची गोष्ट

झी शेल सुरू होताना कधीकधी विचारतो, 'काही फोल्डर असुरक्षित आहेत, तरी पुढे जाऊ का?' बहुतेक जण वैतागून 'वाय' दाबतात, आणि रोज विचारू नये म्हणून तपासणीच बंद करायची ओळ कुठूनतरी उचलून चिकटवतात. तो इशारा काय सांगतो ते समजून घ्या. कम्प्लिशनचे नियम म्हणजेही कोडच. ते ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथे तुमच्याशिवाय आणि रूटशिवाय आणखी कोणाला लिहिता येत असेल, तर ती व्यक्ती तिथे फाइल ठेवेल आणि ती तुमच्या नावाने चालेल. घरच्या लॅपटॉपवर हा धोका कमी. एकाच मशीनवर दिवसभरात चार बॅचेस बसतात अशा लॅबमध्ये तो खरा आहे. 'कॉम्पऑडिट' ही कमांड असे फोल्डर दाखवते. 'सीएचमॉड' ने इतरांची लिहिण्याची परवानगी काढली की इशारा आपोआप थांबतो. म्हणजे आजार बरा होतो, नुसता थर्मामीटर फुटत नाही!

बिघडलं तर?

प्लगिनने घोळ घातला आणि टर्मिनल वापरण्याजोगं राहिलं नाही, तर घाबरायचं कारण नाही. 'झेडएसएच -एफ' असं लिहिलं की शेल तुमची कोणतीही सेटिंग फाइल न वाचता कोरा सुरू होतो. बॅशला यासाठी 'बॅश --नोआरसी'. कोऱ्या शेलमध्ये अडचण नाहीशी झाली तर दोष तुमच्या फाइलमध्ये. तिथेही राहिली तर दोष दुसरीकडे.

आपल्याला नेहमी भेटणारं उदाहरण घ्या. फोल्डरचं नाव देवनागरीत ठेवलं की काही वेळा कर्सर एक-दोन घरं पुढेमागे दिसतो. लगेच थीमवर आळ घेऊ नका. मात्रा आणि जोडाक्षरं पडद्यावर किती घरं घेतात, यावर शेल आणि टर्मिनल यांचं एकमत व्हावं लागतं. ते झालं नाही की कर्सर सरकतो. कोऱ्या शेलमध्येही तसंच होत असेल तर दुसरं टर्मिनल वापरून बघा.

दोष तुमच्याच फाइलमध्ये आहे असं ठरलं तर बायनरी सर्च आठवा. अर्धी प्लगिन्स बंद करा. अडचण गेली? मग ती बंद केलेल्या अर्ध्यात. नाही गेली? उरलेल्या अर्ध्यात. सोळा प्लगिन्समधला गुन्हेगार चार फेऱ्यांत सापडतो. डेटा स्ट्रक्चर्सचा असा रोख उपयोग दुसरा नाही!

शेवटी, किती ठेवावीत?

वसईच्या वाड्यांमधली जुनी बावखलं पाणी देत राहतात, पण वेळच्या वेळी गाळ काढला तरच. डॉट झेडएसएच-आरसी फाइलचंही तसंच आहे. दर सेमिस्टर संपलं की ती उघडा आणि प्रत्येक ओळीला विचारा, 'तू काय करतेस?' उत्तर देता आलं नाही ती ओळ कॉमेंट करा. आठवडाभर तिची आठवण आली नाही तर पुसून टाका. जे उरेल ते गिटमध्ये ठेवा, म्हणजे नव्या मशीनवर दहा मिनिटांत तुमचं घर उभं राहील. टोकन आणि पासवर्ड मात्र त्यात चुकूनही घालू नका.

आकडाच हवा असेल तर माझं मत असं : ज्यांचं काम तुम्ही दोन वाक्यांत सांगू शकता तितकी प्लगिन्स ठेवा. कोणाची तीन होतील, कोणाची दहा.

ज्यांना शेल मुळापासून शिकायचा आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सवरचे धडे मराठीतूनही मोफत आहेत. आणि 'मॅन झेडएसएच' तर आपल्या मशीनवर कायम हजर आहेच, त्याला नेटही लागत नाही.

आता थोडा स्वाध्याय :

१. तुमच्या सध्याच्या शेलचा सुरू होण्याचा वेळ पाच वेळा मोजा आणि कोऱ्या शेलशी तुलना करा.
२. 'एलियास' ही कमांड नुसती लिहून यादी बघा. त्यातले तुम्ही स्वतः लिहिलेले किती आणि बाहेरून आलेले किती?
३. वर दिलेल्या चार ओळींवरून स्वतःचा प्लगिन मॅनेजर लिहा. वीस ओळींच्या आत बसवा.
४. वापरात असलेल्या एका प्लगिनची मुख्य फाइल पूर्ण वाचा आणि वरच्या पाच प्रकारांपैकी त्यात काय काय आहे ते मित्राला समजावून सांगा.

चौथा प्रश्न सुटला की समजा, टर्मिनल खऱ्या अर्थाने तुमचं झालं.